कोरा रकाना

पोराला पायलट व्हायचंय हे घरात सगळ्यात शेवटी कळलं ते बापाला. आईला आधीच कुणकुण होती, आणि थोरल्या ताईने तर स्वतःच्या हाताने अर्ज भरून दिला होता. बाप बसचा ड्रायव्हर. मधली दोन सोडली तर एकोणतीस वर्षं एकच रस्ता, सकाळी जायचं, संध्याकाळी यायचं. त्याने हातपाय धुतले, टॉवेलने मान पुसत पुसत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे मधे कुठे थांबता येतं का?"

"कुठे?"

"वर."

"वर कसं थांबणार, बाबा?"

"मग नीट विचार कर. बसमध्ये मला काही कमीजास्त वाटलं, तर मी कडेला घेऊन उभी करतो आणि खाली उतरून बघतो. शिव्या खातो, पण बघतो."

पुढे काही वर्षांनी पोरगा हेलिकॉप्टर उडवायला लागला तेव्हा त्याने बापाला मुद्दाम कळवलं की हे मात्र हवेत एका जागी थांबतं. बापाने विचारलं, "थांबतं ना? पण उतरून चाक बघता येतं का?"

पोरगा ताडमाड उंच होता. निवडीच्या वेळी वैद्यकीय तपासणीत उभ्याची उंची मोजतात तशी बसल्याचीही मोजतात, कारण शिकाऊ विमानाची बैठक लहान, आणि मापाबाहेरचा माणूस आत बसला तर डोकं वरच्या काचेला टेकतं. तो पाठ भिंतीला लावून लाकडी खोक्यावर बसला आणि अर्धा सेंटिमीटर जास्त भरला. सगळ्या लेखी परीक्षा पार करून आलेला पोरगा, अर्ध्या सेंटिमीटरवर घरी जायची वेळ. माप घेणारा जुना शिपाई होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "अरे उंटा, श्वास सोड आणि मान आत घे जरा." पोराने श्वास सोडला, मान आत घेतली, आकडा बसला.

मागे रांगेत एक बुटका, गोरा, नाकेला मुलगा उभा होता. तो खदखदून हसला. त्या दिवसापासून नोकरी संपेपर्यंत याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. हा उंट झाला. आणि उंटाने त्या बुटक्याचं नाव पोपट ठेवलं, कारण त्याचं तोंड झोपेतही बंद नसायचं.

दोघांना एकच खोली मिळाली. चाळीस जण आले होते. दर शुक्रवारी फळ्यावर यादी लागायची, आणि ज्याचं नाव यादीत, तो दुपारच्या ट्रकने घरी. पहाटे उठून पळायचं, मग वर्ग, मग उड्डाण. शिकवणारा चाळिशीचाच होता, पण सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. तो मागच्या सीटवर बसून पेन्सिलीने पुढच्याच्या हेल्मेटवर टकटक करायचा. एक टक म्हणजे वेग बघ, दोन म्हणजे उंची बघ, आणि टकटक थांबली तर समजायचं की म्हाताऱ्याने आशा सोडली.

पोपटाला विमान लागायचं. पहिले बारा दिवस तो रोज ओकला. सलग ओकणाऱ्याला काढून टाकतात हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तो कागदी पिशवीत ओकायचा, पिशवी दुमडून ओव्हरॉलच्या आत पोटाशी धरायचा आणि उतरल्यावर म्हाताऱ्याला कडक सलाम ठोकून हसत हसत निघून यायचा. ती पिशवी फेकायचं काम उंटाचं. बाराव्या दिवशी पिशवी फुटली. पोपट सलामाच्या पवित्र्यात उभा आणि पँटच्या पायातून सगळं बुटावर. म्हाताऱ्याने खाली बघितलं, वर बघितलं आणि म्हणाला, "लपवायची अक्कल आहे तर शिकायचीही असेल. उद्या ये." तेराव्या दिवशी पोपट ओकला नाही.

चाळिसातले सतरा उरले. दोघेही त्यात होते. दोघांनाही हेलिकॉप्टर मिळालं आणि पहिली नेमणूकही एकाच तळावर.

तळ डोंगरांच्या पायथ्याशी होता. वर सीमेवर चौक्या होत्या, कुठे सहा माणसं, कुठे वीस, आणि हिवाळ्यात त्यांच्यापर्यंत जायला दुसरी वाट नाही. रॉकेल, पीठ, औषधं, बॅटऱ्या, पत्रं, सगळं यांनीच पोचवायचं. उतरायची जागा म्हणजे बर्फ चोपून केलेला एका खोलीएवढा चौथरा, त्यावर कोळशाच्या भुकटीने काढलेलं वर्तुळ, तीन बाजूंना दरी. तिथे इंजिन बंद करायची मुभा नाही, कारण थंडीत ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही. पंखे फिरत असतानाच माल उतरायचा आणि खाली जाणारा माणूस चढायचा. एकदा एका शिपायाला न्यायचं होतं, त्याच्या पायाची बोटं काळी पडली होती. सगळ्या वाटेत त्याने मागून उंटाची बाही घट्ट धरून ठेवली. तळावर उतरल्यावरही सोडेना. डॉक्टरने एकेक बोट सोडवलं. त्या वर्षांत उंटाला कोणी विचारलं असतं की तू कशासाठी जगतोस, तर त्याने ती बाही दाखवली असती.

दोघांची लग्नं एकाच वर्षी झाली. पोपटाची बायको गणिताची शिक्षिका, शिस्तीची, मोजून मापून बोलणारी. लोक म्हणायचे, देवाने बोलणाऱ्याला ऐकणारी बरी गाठून दिली. पोपट म्हणायचा, "ती ऐकत नाही रे, ती तपासते." उंट तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी. शेजारीशेजारी क्वार्टर्स, मधे एक तारेचं कुंपण. ते दोघांच्या बायकांनी कधी वाकवून टाकलं ते कोणाला कळलंही नाही. पोपटाला मुलगा झाला तेव्हा त्याला पहिली अंघोळ घातली ती उंटाच्या बायकोने.

मग ती दुपार आली.

थंडीचे शेवटचे दिवस होते. आठवडाभर हवा खराब होती आणि त्या दिवशी जरा उघडली, म्हणून सकाळपासून फेऱ्या चालू होत्या. शेवटच्या फेरीवरून येताना उंटाला पायाखाली काहीतरी जाणवलं. हेलिकॉप्टरच्या शेपटाला एक छोटा पंखा असतो. वरचा मोठा पंखा सगळं धूड उलट्या दिशेला फिरवू पाहतो आणि शेपटाचा पंखा ते धरून ठेवतो. पायलटच्या पायातली दोन पेडलं त्या पंख्याची. त्या पेडलांतून त्याच्या तळव्यांना मुंग्या आल्यासारखी बारीक थरथर लागत होती. यायची, जायची, पुन्हा यायची. सोबतच्या पायलटला त्याने विचारलं, तर तो म्हणाला, "मला तर काही नाही लागत. तुमचे पाय गारठले असतील."

उतरल्यावर प्रत्येक पायलटला मशीनच्या वहीत सही करायची असते. सहीच्या वर एक रकाना. काही बिघाड वाटला, ज्याला ते स्नॅग म्हणत, तर तो तिथे लिहायचा. एकदा लिहिला की मशीन जागचं हलत नाही. तपासणी होऊन दुसऱ्याची सही पडेपर्यंत कमांडरही त्याला हात लावू शकत नाही. रकान्याची ताकद ही एवढी.

उंटाने पेन उघडलं आणि तेवढ्यात कमांडर आला. वाईट माणूस नव्हता. त्याचे डोळे चार रात्रींच्या जागरणाने तांबारले होते.

"काय लिहितोयस?"

"शेपटाकडे थरथर वाटली, सर. पेडलांत."

"किती?"

"बारीकच. पण आहे."

कमांडरने त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, तीन मशीनांतली दोन आधीच जमिनीवर आहेत. हे तिसरं. शेपूट खोलायचं म्हणजे आठवडा, आणि सुटा भाग आला तर. वरच्या चौकीत रॉकेल किती दिवसांचं उरलंय माहीत आहे? दोन. हवा उद्या दुपारपर्यंतच उघडी आहे म्हणतात. तू लिहिलंस तर मला ते उडवता येणार नाही. बारीक थरथर काय, जुनं मशीन आहे, थरथरणारच. आज ग्रीस घालतील, उद्या फेरी होऊ दे. परवा मी स्वतः शेपूट खोलायला लावतो. शब्द देतो."

उंटाच्या हातातलं पेन उघडंच होतं. मग कमांडर आणखी एक वाक्य बोलला, सहज बोलावं तसं. "तुझा वार्षिक अहवाल टेबलावरच आहे माझ्या. चांगला आहे."

वर्षानुवर्षं उंट स्वतःशी भांडत राहिला की त्या वेळी आपल्या मनात काय होतं. चौकीतली अकरा माणसं होती की अहवाल होता? कधी त्याला वाटायचं, माणसंच होती. कधी वाटायचं, माणसांच्या आड अहवाल लपला होता. पण मनात काही का असेना, हाताने रकाना कोरा सोडला आणि खाली सही केली, एवढं खरं.

संध्याकाळी मेसमध्ये पोपट भेटला. दुसऱ्या दिवशी सकाळची फेरी त्याची होती. चहाचा कप हातात, मांडीवर मांडी.

"काय रे, मशीन कसं आहे?"

उंटाने तोंड उघडलं. आजूबाजूला चारजण बसले होते, पलीकडच्या टेबलावर कमांडर. त्याला वाटलं, नंतर कुंपणापाशी गाठून सांगू. आणि त्याच्या तोंडून निघालं, "मशीन? तुझ्याहून तरुण आहे."

पोपट हसला. सगळेच हसले. कुंपणापाशी गाठायचं राहून गेलं, कारण पोपटाच्या मुलाला ताप होता, त्यांच्या घरात लवकर दिवे मालवले होते, आणि उंटाला वाटलं, उगाच कशाला उठवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला तो रेडिओच्या खोलीत उभा होता. पोपटाचा आवाज नेहमीसारखाच बडबडत येत होता. चौकी दिसते आहे, वारा ठीक आहे, वर्तुळ कोणीतरी वाकडं काढलंय, चित्रकार बदला. मग जरा शांतता. मग आवाज आला, "पाय धरत नाही. फिरतंय." आणि नंतर एकच शब्द, जो उंटाने कधी कोणाला सांगितला नाही. त्याच्यानंतर नुसती खरखर.

तळावर उडण्याजोगं मशीन उरलं नव्हतं. दुसऱ्या तळावरून आणवलं आणि शोधायला उंटच गेला. तो भाग त्याच्याइतका कोणाला माहीत नव्हता. चौकीच्या खाली उतारावर बर्फात एक लांब काळा ओरखडा आणि त्याच्या टोकाला ते. पोपट, सोबतचा तरुण पायलट आणि माल उतरवणारा एक शिपाई. तिघं. बर्फभर रॉकेलचा वास. पत्रांची थैली मात्र दूर उडून पडली होती, तिला साधा डागही नव्हता. उंट ती थैली वर चौकीत देऊन आला. लोकांनी पत्रं घेतली, पण कोणी फोडली नाहीत.

महिन्याभराने चौकशी बसली. लांब टेबल, तीन अधिकारी, एक टंकलेखक. उंटाला शपथ दिली.

"आदल्या दिवशी शेवटची फेरी तुमची होती. मशीनमध्ये काही जाणवलं होतं?"

वही टेबलावर उघडीच होती. रकाना कोरा, खाली त्याची सही. त्या फेरीत उंटाच्या सोबत बसलेला पायलट आधीच सांगून गेला होता की काही जाणवलं नाही. शेपटाचा भाग जळून दरीत गेला होता, त्यातलं काही हाती लागलं नव्हतं. कमांडर मागच्या खुर्चीवर छताकडे बघत बसला होता.

"नाही, सर," उंट म्हणाला.

"नक्की?"

"नक्की, सर."

टंकलेखकाने टकटक करून ते कागदावर उतरवलं. निकाल आला. वैमानिकाने वाऱ्याचा अंदाज चुकवला, जड मशीन घेऊन वारा पाठीशी ठेवत खाली आला, मानवी चूक. म्हणजे पोपट स्वतःही मेला आणि दोघांना मारूनही गेला.

वहिनीने तो कागद उंटाच्याच दारात उभं राहून वाचला. गणित तपासावं तसा, एकेका ओळीवर बोट ठेवून. शेवटी घडी घातली आणि म्हणाली, "भाऊजी, वारा तर ते रोज बघायचे ना?" तिला उत्तर नको होतं. तिला कोणीतरी ओरडून सांगायला हवं होतं की हे खोटं आहे. उंट म्हणाला, "कधीकधी कळत नाही, वहिनी. वर कळत नाही." पंधरा दिवसांत ती मुलाला घेऊन क्वार्टर सोडून गेली.

पहिल्याच रजेत उंटाने हे बापाला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगायची त्याची छाती नव्हती. बाप निवृत्त झाला होता, ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. उंटाला लहानपणचं आठवत होतं. बापाने एकदा डेपोच्या वहीत "ब्रेक मऊ" असं लिहून बस जागच्या जागी उभी केली होती. प्रवाशांनी गोंधळ घातला, साहेब भडकला आणि बापाची दोन वर्षं लांबच्या डेपोला बदली झाली. घर आईने एकटीने ओढलं. पण बापाने वाक्य खोडलं नव्हतं.

बापाने सगळं ऐकलं. शेंगा बाजूला ठेवल्या.

"जमिनीवर होतास ना तेव्हा?"

"हो."

"मग थांबवता येत होतं."

एवढंच बोलून तो उठला आणि पायात चपला न घालता बाहेर निघून गेला. त्यानंतर तो नऊ वर्षं जगला. पोराची तब्येत विचारायचा, सुनेची विचारायचा, पण उडण्याबद्दल त्याने पुन्हा एक अक्षर काढलं नाही. शेजारी कौतुकाने विचारायचे, "पायलट काय म्हणतो?" बाप म्हणायचा, "बरा आहे."

उंट त्या अपघातानंतर सोळा वर्षं उडला. तो काही सोडून देऊ शकला नाही. सोडायचं तर कारण सांगावं लागलं असतं. आता तो प्रत्येक फेरीनंतर काही ना काही लिहायचा. काचेवर ओरखडा, पट्टा सैल, दिवा मंद. मेकॅनिक वैतागायचे, त्याला मागून कारकून म्हणायचे. बढती मात्र मिळत गेली, कारण अहवाल खरोखरच चांगला होता. कमांडर तर फार वर गेला. त्याने परवा शेपूट खोलतो असा शब्द दिला होता, पण ते शेपूटच उरलं नाही, त्यामुळे तो शब्दही मोडला असं कोणाला म्हणता आलं नाही.

निवृत्त झाला तेव्हा उंटाची पाठ गेली होती आणि डाव्या कानात कायमची शिट्टी वाजत होती. एका मोठ्या गोदामात त्याला सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी मिळाली. आग विझवायची लाल नळकांडी महिन्यातून एकदा तपासायची, चिठ्ठीवर तारीख टाकायची, बाहेर जायच्या दारांपुढे कोणी खोकी रचली असतील तर हलवायला लावायची. गोदामातल्या पोरांना कळलं की साहेब पायलट होते. जेवणाच्या सुट्टीत ती मागे लागायची, "साहेब, सांगा ना काहीतरी. ढगातलं सांगा. बर्फातलं सांगा." उंट सांगायला बसायचा आणि दोन वाक्यांत अडकायचा. पहिलं एकट्याचं उड्डाण सांगावं, तर खाली धावपट्टीच्या कडेला टोपी हलवत पोपट उभा. वादळ सांगावं, तर शेजारच्या सीटवर पोपट. ओकायची गोष्ट तर अख्खी त्याचीच. सगळ्या आयुष्यातली एक आठवण अशी नव्हती की जी त्याला वगळून सांगता येईल, आणि त्याला घेऊन सांगायचा हक्क आपल्याला नाही असं उंटाला वाटायचं. "विसरलो रे," तो म्हणायचा. पोरांना वाटलं, साहेब थापा मारतात, कधी उडलेलेच नसणार. ती विचारेनाशी झाली.

बायकोला त्याने निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"अहो, तिचं लेकरू मी न्हाऊ घातलंय," ती म्हणाली. "अठरा वर्षं तिला दर वर्षी पत्र लिहिते मी. तुम्ही खाली सही करता."

"हो."

"तिला जाऊन सांगा. नाहीतर मलाही सांगायला नको होतं."

वहिनी दुसऱ्या शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका झाली होती. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. केस पांढरे, चष्म्याला दोरी. तिने त्याला आत घेतलं, पाणी दिलं, पाठीची चौकशी केली. भिंतीवर मुलाचा फोटो होता, पोपटाचा नव्हता. तिने त्याची नजर पाहिली.

"त्याला नको असतो," ती म्हणाली. "शाळेत असताना कोणीतरी त्याला म्हणालं होतं, तुझ्या बापाने दोन माणसं मारली. त्याने घरी येऊन फोटो पालथा घातला. मी पण पुन्हा सुलटा केला नाही. मलाही राग होताच ना. तो तरुण पायलट होता ना, त्याची आई मला दर वर्षी त्या तारखेला फोन करायची. नुसती रडायची आणि एकच म्हणायची, तुझ्या नवऱ्याने माझं पोर नेलं. सात वर्षं केला तिने. मग ती गेली."

उंटाने तिला सगळं सांगितलं. थरथर, रकाना, कमांडर, मेसमधला विनोद. एकही गोष्ट मऊ केली नाही.  

"तुझ्याहून तरुण आहे, असं म्हणालात?"

"हो."

"आणि ते हसले?"

"हो, वहिनी."

तिने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. "अठरा वर्षं मी एका निर्दोष माणसावर चिडून काढली," ती म्हणाली. "मनातल्या मनात रोज भांडले त्याच्याशी. वारा का नाही पाहिलास, वारा का नाही पाहिलास. ती भांडणं आता मी कुठे परत करू, भाऊजी?"



मग तिने टेबलाच्या खणातून कोरे कागद काढून त्याच्यापुढे ठेवले. "लिहा. तारखेसकट."

तो लिहीत गेला आणि ती शेजारी उभी राहून वाचत गेली. "'बहुधा' काढा," ती म्हणायची. "बहुधा जाणवलं की जाणवलं?" "'परिस्थितीमुळे' कशाला? तुम्ही सही केली असं लिहा." तीन पानं झाली. त्याने खाली सही केली. इतकी वर्षं पाठीवर होतं ते उतरेल असं त्याला वाटलं होतं. काहीच उतरलं नाही. उलट कागदावर आल्यावर ते लहान, क्षुल्लक आणि घाणेरडं दिसायला लागलं.

कागद रीतसर पाठवला. मधल्या काळात उंटाने कमांडरला फोन लावला. तो आता म्हातारा झाला होता, आवाज बारीक झाला होता, पण डोकं जागेवर होतं.

"मला असं काही आठवत नाही," कमांडर म्हणाला.

"सर, मी लिहीत होतो, तुम्ही थांबवलंत."

"तुलाही आठवत नव्हतं. शपथेवर सांगितलंस तू. तेव्हा विसरलास आणि आता आठवतंय?" मग तो म्हणाला, "चौकीतली अकरा माणसं वाचली असती त्या रॉकेलने. मी त्यांचा विचार केला."

"त्यांचं काय झालं, सर?"

"चार दिवसांनी दुसऱ्या तळाने पोचवलं. सगळी जगली." आणि त्याने फोन ठेवला.

चार दिवस. म्हणजे रॉकेल संपल्यावरही माणसांनी झोपायच्या पिशव्यांत एकमेकांना बिलगून दोन दिवस काढले होते. हे उंटाला इतक्या वर्षांत कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

सात महिन्यांनी उत्तर आलं. चार ओळी. सदर प्रकरणाची कागदपत्रं मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहेत. पुराव्याअभावी केवळ निवेदनावरून निष्कर्ष बदलता येत नाही. तसदीबद्दल आभार. उंटाला शिक्षा होईल, निदान कोणीतरी बोलावून घेईल, टेबलासमोर उभं करून विचारेल, अशी त्याने तयारी ठेवली होती. इस्त्री करून कपडे काढून ठेवले होते. त्याला कोणी बोलावलंच नाही. खोटं बोलला तेव्हा तीन अधिकारी आणि एक टंकलेखक बसले होते. खरं बोलला तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं.

ते पत्र घेऊन तो पुन्हा त्या तिसऱ्या मजल्यावर गेला. या वेळी वहिनीने त्याला बसा म्हटलं नाही. दारातच चार ओळी वाचल्या आणि पत्र परत दिलं.

"मुलाला सांगितलंत?" त्याने विचारलं.

"सांगितलं. फोनवर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई, मला आता कामावर जायचंय." तिने दाराची कड धरली. "फोटो लावला आहे मी. पण त्यांच्याकडे बघवत नाही. आधी रागाने बघवत नव्हतं, आता लाजेने."

"वहिनी, मी काय करू?"

"काही नाही. काही करण्यासारखं नाही, म्हणून तर आलात ना तुम्ही? काही करता येत होतं तेव्हा नाही आलात." ती हे रागाने म्हणाली नाही. वर्गातल्या ढ मुलाला दहाव्यांदा समजावून सांगावं तशी म्हणाली. "पत्र पाठवू नका म्हणावं तिला. तिच्यावर राग नाही माझा. पण खाली तुमची सही असते. आणि तुम्हीही आता येऊ नका, भाऊजी. तुम्ही दारात दिसलात की ते पुन्हा पडतात."

तिने दार लावलं. आपटलं नाही. कडी सरकल्याचा आवाज आला आणि पावलं आत गेली.

उंट जिन्यावरून एकेक पायरी उतरला, कारण पाठ तेवढंच उतरू देत होती. दुसऱ्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिने विचारलं, "वरच्या बाईंकडे आला होता का? बऱ्या आहेत ना त्या? सकाळपासून दार उघडलं नाही त्यांनी."

"बऱ्या आहेत," तो म्हणाला.

संध्याकाळच्या बसने तो घरी आला. बायको वाटच पाहत होती.

"काय म्हणाली?"

"पत्र लिहू नकोस म्हणाली."

बायको स्वयंपाकघरात गेली. ताट वाढून आणलं, त्याच्यापुढे ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. दिवा लावला नाही. उंटाला भूक नव्हती, पण तो जेवला. मग ताट धुऊन पालथं घातलं आणि उद्या महिन्याचा पहिला दिवस म्हणून नळकांड्यांच्या चिठ्ठ्यांवर आताच तारीख टाकून ठेवावी म्हणून बसला. पाच-सहा चिठ्ठ्या झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की अजून एकही नळकांडं तपासलेलं नाही. त्याने त्या चिठ्ठ्या फाडल्या आणि तसाच बसून राहिला. पलीकडच्या खोलीत बायको रडत होती की नुसती बसली होती ते कळायला मार्ग नव्हता. एका कानात शिट्टी, आणि दुसरा, चांगला कान तिच्या खोलीकडे नव्हता.